'सर्टनली' म्हटल्याने खात्री वाढते का? खरेपणा, निश्चिती आणि प्रामाणिकपणा सांगणारी इंग्रजी क्रियाविशेषणे

'द कीज आर इन द ड्रॉवर' आणि 'द कीज आर सर्टनली इन द ड्रॉवर' ही दोन इंग्रजी वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. किल्ल्या खणात आहेत, एवढेच दोन्ही वाक्ये सांगतात; दुसऱ्यात 'सर्टनली', म्हणजे 'निश्चितपणे', हा एक शब्द अधिक आहे. शब्द वाढला म्हणजे खात्रीही वाढली, असा हिशेब सहज मनात येतो. पण ज्याने आत्ताच खण उघडून किल्ल्या पाहिल्या आहेत, तो पहिले वाक्य बोलतो. दुसरे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा खण न उघडताच बोलत असतो: काल त्या तिथेच ठेवल्याचे त्याला आठवत असते, किंवा दुसरीकडे कुठे असण्याची शक्यताच उरली नाही असा त्याचा तर्क असतो, किंवा समोरच्याने आधी शंका काढलेली असते आणि तिला तो उत्तर देत असतो. मराठीतही हेच घडते. खिडकीतून पाहणारा "पाऊस पडतो आहे" असे म्हणतो आणि ओली छत्री घेऊन आलेल्या माणसाकडे पाहणारा "नक्कीच पाऊस पडत असणार" असे म्हणतो.

ही गोष्ट एकदा लक्षात आली की या सगळ्या शब्दांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. आपल्याकडे शाळेत ते अर्थांच्या जोड्या लावून शिकवले जातात: 'सर्टनली' म्हणजे नक्की, 'शुअरली' म्हणजे खात्रीने, 'इनडीड' म्हणजे खरोखर, 'ऑनेस्टली' म्हणजे प्रामाणिकपणे. अर्थ चुकीचे नाहीत, परंतु हे शब्द वाक्यात काय काम करतात ते त्या जोड्यांतून कळत नाही. वस्तुस्थितीत ते काहीही भर घालत नाहीत. बोलणारा त्या वस्तुस्थितीच्या किती जवळ उभा आहे, त्याला ती कशी कळली, आणि ऐकणाऱ्याने त्याच्यावर कितपत विसंबावे, हे ते सांगतात. साधे, विनाविशेषण विधान हाच खरेपणाचा सर्वांत मोठा दावा असतो. त्यात एखादे क्रियाविशेषण आले की ते का आले, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत संभाषणामागचे जे अलिखित संकेत मांडले, त्यांतील एक असा आहे की, जे आपल्याला खोटे वाटते ते बोलू नये आणि ज्याला पुरेसा आधार नाही तेही बोलू नये. प्रत्येक विधानामागे हा संकेत गृहीत असेल, तर "मी खरे सांगतो" हे वेगळे सांगण्यालाही काहीतरी कारण असले पाहिजे.

प्रथम जागेचा प्रश्न पाहू, कारण इंग्रजीत या शब्दांचा अर्थ बऱ्याच अंशी त्यांच्या जागेवर ठरतो. 'शी आन्सर्ड ऑनेस्टली' म्हणजे तिने प्रामाणिकपणे उत्तर दिले. येथे प्रामाणिकपणा तिचा आहे. 'ऑनेस्टली, शी आन्सर्ड' असे म्हटले, तर "खरेच सांगतो, तिने उत्तर दिले" असा अर्थ होतो आणि प्रामाणिकपणा बोलणाऱ्याकडे येतो. पहिल्या वाक्यात तो शब्द क्रियापदाला चिकटलेला आहे. दुसऱ्यात तो स्वल्पविरामापलीकडे उभा राहून संपूर्ण वाक्यावर शेरा मारतो आहे. सिडनी ग्रीनबाउम यांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आणि पुढे १९८५ साली रँडॉल्फ क्वर्क, ग्रीनबाउम, जेफ्री लीच व यान स्वार्टविक यांच्या बृहद् व्याकरणात, अशा बाहेर उभ्या राहणाऱ्या क्रियाविशेषणांना 'डिसजंक्ट' असे नाव दिले आहे आणि त्यांचे दोन गट केले आहेत. 'फ्रँकली' आणि 'ऑनेस्टली' हे बोलण्याच्या पद्धतीविषयी सांगतात. 'सर्टनली' आणि 'प्रॉबेब्ली' हे बोललेल्या मजकुराविषयी सांगतात.

या दोन गटांतला फरक प्रश्नार्थक वाक्यात स्पष्ट दिसतो. 'ऑनेस्टली, डिड यू लाइक इट?' हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यातील प्रामाणिकपणा विचारणाऱ्याचा नसून उत्तर देणाऱ्याकडून मागितलेला आहे: "खरे सांग, तुला ते आवडले का?" 'सर्टनली, डिड ही कम?' असे मात्र कोणी विचारत नाही, कारण जो विचारतो आहे त्याला खात्री नाही हे उघड आहे आणि ज्याला खात्री आहे त्याने विचारायचे कारण नाही. मराठीत आपण "नक्की तो आला का?" असे सर्रास विचारतो, मग इंग्रजी बोलताना त्या 'नक्की'च्या जागी 'सर्टनली' किंवा 'डेफिनेटली' येऊन बसते. मराठीतील 'नक्की' हा शब्द फार मोठ्या प्रदेशावर राज्य करतो. "नक्की येईन" मध्ये तो वचन देतो, "नक्की ना?" मध्ये खात्री मागतो, आणि "नक्की काय झाले?" मध्ये तो नेमकेपणा विचारतो. इंग्रजीत या तीन जागांवर तीन वेगळे शब्द बसतात: वचनासाठी 'डेफिनेटली', खात्री विचारण्यासाठी 'आर यू शुअर', आणि नेमकेपणासाठी 'एक्झॅक्टली'.

आता ज्या शब्दाने मराठी माणसांची सर्वांत जास्त फसगत होते, त्या 'शुअरली'कडे येऊ. 'शुअर' म्हणजे खात्री असलेला, म्हणून 'शुअरली' म्हणजे खात्रीने, हे गणित वरवर बिनचूक दिसते आणि त्यावरून आपण 'आय विल शुअरली कम' असे लिहितो. आजच्या इंग्रजीत मात्र 'शुअरली' हा शब्द बहुतेक वेळा बोलणाऱ्याची खात्री दाखवत नाही. आपल्याला जे वाटते त्याला समोरच्याने दुजोरा द्यावा, अशी विनवणी किंवा अपेक्षा तो दाखवतो. 'शुअरली यू हॅव मेट हिम' याचा अर्थ "तुम्ही त्यांना भेटलाच असाल ना?" असा आहे. 'शुअरली ही वोन्ट रिफ्यूज' म्हणजे "तो नाही तर म्हणणार नाही ना?" मराठीत 'च' आणि 'ना' ही दोन छोटी अव्यये मिळून जे काम करतात, ते इंग्रजीत एकटा 'शुअरली' करतो. त्यामुळे 'आय विल शुअरली कम' हे वाक्य अशुद्ध नसले तरी इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याला ते जुन्या वळणाचे किंवा किंचित डळमळीत वाटते. येण्याचे वचन द्यायचे असेल, तर 'आय विल डेफिनेटली कम' म्हणावे. त्याहूनही बरे म्हणजे नुसते 'आय विल बी देअर' म्हणावे, आणि ते अधिक भक्कम ठरते.

'नो डाउट' या शब्दप्रयोगाचेही असेच झाले आहे. शब्दशः पाहिले तर "शंका नाही", म्हणजे पूर्ण खात्री. प्रत्यक्ष वापरात 'नो डाउट' आणि 'डाउटलेस' यांचा अर्थ "बहुधा असेल" इतका खाली उतरला आहे, आणि पुष्कळदा त्यामागून 'पण' येतो: "तो हुशार असेलही, पण…". शंका खरोखरच नाही असे म्हणायचे असेल, तर 'अनडाउटेडली' किंवा 'विदाउट डाउट' वापरावे लागते. पत्रव्यवहारात ही चूक महागात पडते. साहेबांना 'नो डाउट यू हॅव रेड माय रिपोर्ट' असे लिहिणाऱ्याला आदर दाखवायचा असतो, पण वाचणाऱ्याला "तुम्ही वाचला असेल अशी आशा आहे" असा सूर ऐकू येऊ शकतो.

खात्रीच्या उतरंडीत 'सर्टनली' आणि 'डेफिनेटली' वर, 'प्रॉबेब्ली' मध्यावर आणि 'पॉसिब्ली', 'परहॅप्स' खाली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. 'अ‍ॅपरंटली' या शब्दाची जागा मात्र या उतरंडीत नाहीच, कारण तो खात्रीचे प्रमाण सांगत नाही. माहिती कुठून आली ते सांगतो. 'अ‍ॅपरंटली दे हॅव मूव्ह्ड टू नाशिक' याचे उत्तम मराठी "ते नाशिकला राहायला गेले म्हणे" असे होईल. आपला 'म्हणे' ऐकीव माहितीवर जी मोहर उमटवतो, तीच 'अ‍ॅपरंटली' उमटवतो: मी सांगतो आहे, पण जबाबदारी माझी नाही. पूर्वीच्या इंग्रजीत याच शब्दाचा अर्थ "उघडपणे, स्पष्ट दिसेल असा" होता. त्याची खूण 'एअर अ‍ॅपरंट' या राजघराण्यांतील संज्ञेत आजही शिल्लक आहे, कारण तिचा अर्थ ज्याचा वारसाहक्क दुसऱ्या कोणाच्या जन्मामुळे हिरावला जाऊ शकत नाही असा निःसंशय वारस असा आहे. 'अलेजेडली' आणि 'रिपोर्टेडली' हे वृत्तपत्रांतले शब्द याच कुळातले. पहिला शब्द न्यायालयात सिद्ध न झालेल्या आरोपाला चिकटवतात, आणि मराठी बातम्यांत त्याची जागा 'कथित' घेतो.

ही उतरंड माणसामाणसांत एकसारखी असते का, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. अमेरिकेच्या गुप्तचर खात्यातील शर्मन केंट यांच्यावर तो फार गंभीर स्वरूपात येऊन आदळला. मार्च १९५१ मध्ये त्यांच्या विभागाने युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होण्याच्या शक्यतेविषयी एक अहवाल दिला आणि त्यात हल्ला ही 'सीरियस पॉसिबिलिटी', म्हणजे गंभीर शक्यता, समजावी असे लिहिले. परराष्ट्र खात्यातील एका अधिकाऱ्याने पुढे त्यांना या शब्दांचा अर्थ विचारला, तेव्हा केंट यांनी शंभरात पासष्ट असे आपले मत सांगितले. तो अधिकारी चकित झाला, कारण त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शक्यता त्याहून बरीच कमी धरली होती. अस्वस्थ होऊन केंट यांनी अहवाल तयार करणाऱ्या स्वतःच्या सहकाऱ्यांनाच विचारले, तर कोणाच्या मनात वीस टक्के होते आणि कोणाच्या मनात ऐंशी. एकाच वाक्यावर सर्वांनी संमती दिली होती आणि त्या वाक्याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा होता. १९६४ साली केंट यांनी या अनुभवावर लेख लिहिला आणि शब्दांना आकडे बांधून देण्याची सूचना केली: 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे सुमारे ९३ टक्के, 'प्रॉबेबल' म्हणजे सुमारे ७५ टक्के, आणि असेच खालपर्यंत.

हीच पद्धत आज हवामानबदलाच्या शास्त्रात रूढ आहे. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न असलेल्या आयपीसीसी या आंतरसरकारी मंडळाच्या अहवालांत 'लाइकली' हा शब्द सैलपणे येत नाही. त्याचा अर्थ ६६ ते १०० टक्के संभाव्यता असा ठरलेला आहे. 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान ९० टक्के, 'एक्स्ट्रीमली लाइकली' म्हणजे किमान ९५, आणि 'व्हर्च्युअली सर्टन' म्हणजे किमान ९९. त्यामुळे या मंडळाचे अहवाल क्रमाने वाचले, तर केवळ या विशेषणांवरून विज्ञानाची वाटचाल दिसते. अलीकडच्या तापमानवाढीमागे प्रामुख्याने माणूस आहे, हे २००१ च्या अहवालात 'लाइकली' होते, २००७ मध्ये 'व्हेरी लाइकली' झाले आणि २०१३ मध्ये 'एक्स्ट्रीमली लाइकली'. २०२१ च्या अहवालात माणसाच्या प्रभावामुळे वातावरण, समुद्र आणि जमीन तापली आहे हे 'अनइक्विव्होकल', म्हणजे निर्विवाद, असल्याचे लिहिले गेले. दोन दशकांची मोजमापे, गणिते आणि वादविवाद त्या एकेका शब्दाच्या बदलामागे आहेत. म्हणून या अहवालांचे मराठीत वृत्तांत देताना सर्वत्र 'शक्यता आहे' असे एकच भाषांतर करणे मला अन्यायाचे वाटते. 'शक्यता', 'दाट शक्यता', 'जवळजवळ निश्चित' आणि 'निर्विवाद' अशी पायरी मराठीतही सहज राखता येते.

नकारार्थी वाक्यांत जागेचा मुद्दा पुन्हा येतो, आणि या वेळी तो अर्थाचा जोर बदलू शकतो. 'आय रिअली डोन्ट लाइक इट' म्हणजे मला ते मुळीच आवडत नाही. 'आय डोन्ट रिअली लाइक इट' म्हणजे मला ते तसे फारसे आवडत नाही. पहिल्या वाक्यात 'रिअली' नकाराच्या आधी आहे, म्हणून तो नकाराला जोर देतो. दुसऱ्यात तो नकाराच्या कक्षेत सापडला आहे, म्हणून नकार 'रिअली'लाच लागू पडतो आणि वाक्य सौम्य होते. यजमानांनी वाढलेला पदार्थ नको असेल, तर दुसरे वाक्य सभ्य आहे आणि पहिले तोडून टाकणारे आहे. 'सर्टनली' आणि 'डेफिनेटली' हे शब्द होकारात सहायक क्रियापदानंतर आणि नकारात त्याच्या आधी येतात: 'ही विल डेफिनेटली कम', पण 'ही डेफिनेटली वोन्ट कम'. हा क्रम कानाला लागला की पुढे तो आपोआप येतो.

आता खरेपणा सांगणाऱ्या शब्दांच्या इतिहासाकडे वळतो, कारण त्यात एक विलक्षण सातत्य आहे: खरेपणाची ग्वाही देण्यासाठी जो शब्द वापरला जातो तो काही शतकांत झिजतो आणि नुसता जोर दाखवणारा होतो, मग खरेपणासाठी दुसरा शब्द शोधावा लागतो. प्राचीन इंग्रजीत सत्याला 'सोथ' म्हणत. त्यापासून आलेला 'फॉरसूथ' आज केवळ जुन्या नाटकांच्या नकलेत ऐकू येतो, आणि भविष्यवेत्ता या अर्थाचा 'सूथसेअर' तेवढा शिल्लक आहे. 'ट्रू' या शब्दाचा मूळ अर्थ खरा असा नव्हता. तो एकनिष्ठ, विश्वासू असा होता. आधी माणूस 'ट्रू' होता, नंतर त्याचे बोलणे 'ट्रू' झाले. पुढे फ्रेंचमधून, म्हणजे मुळात लॅटिनमधून, 'व्हेरी' आला. चौदाव्या शतकात इंग्रज कवी जेफ्री चॉसर आपल्या सरदाराचे वर्णन करताना 'व्हेरी'चे जे जुने रूप योजतो, त्याचा अर्थ 'फार' नसून 'खराखुरा' असा आहे. ख्रिस्ती श्रद्धासूत्राच्या इंग्रजी पाठातील 'व्हेरी गॉड ऑफ व्हेरी गॉड' याचाही अर्थ "खऱ्या देवापासून खरा देव" असाच आहे. आज 'व्हेरी' म्हणजे केवळ 'फार', आणि त्यातील सत्य कोणाला आठवत नाही.

त्याच 'व्हेरी'पासून 'व्हेरिली' झाला. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये, योहानाच्या शुभवर्तमानात, येशू बोलण्याच्या आरंभी 'व्हेरिली, व्हेरिली, आय से अंटू यू' असे म्हणतो. मूळ ग्रीक पाठात तेथे 'आमेन, आमेन' आहे आणि तो शब्द हिब्रूतून आलेला आहे. मराठी बायबलमध्ये या ठिकाणी 'खचित खचित' असे शब्द आहेत, आणि मला ते भाषांतर अत्यंत सुरेख वाटते, कारण 'खचित' या शब्दातही जुन्या मराठीचा भारदस्तपणा आहे आणि द्विरुक्तीचे वजनही त्यात तसेच राखले गेले आहे. आता 'व्हेरिली' बोलण्यातून गेला आणि 'खचित'ही जवळजवळ गेला.

'रिअली'ची सुरुवात पंधराव्या शतकात धर्मशास्त्राच्या एका गंभीर वादात झाली: प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष, वास्तवात उपस्थित असतो का? आज तोच शब्द चहा फार गरम आहे हे सांगायला पुरतो. 'अ‍ॅक्चुअली' हा मध्ययुगीन तत्त्वज्ञानातला शब्द. जे केवळ संभाव्य आहे त्याच्या उलट, जे कृतीत उतरले आहे ते 'अ‍ॅक्चुअल'. आजच्या इंग्रजीत त्याचे मुख्य काम समोरच्याची समजूत हळूच दुरुस्त करणे हे आहे. 'अ‍ॅक्चुअली, आय अ‍ॅम फ्रॉम सांगली' याचा अर्थ "तुम्ही मला कोल्हापूरचा समजलात, पण मी सांगलीचा". दुरुस्त करण्याजोगे काही नसताना प्रत्येक वाक्याच्या तोंडी 'अ‍ॅक्चुअली' घालण्याची आपल्याकडची सवय म्हणूनच खटकते: ऐकणाऱ्याला वाटते की आपले काहीतरी चुकले. मराठीत 'खरे तर' आणि 'वास्तविक' हे शब्द नेमके याच कामाचे आहेत.

'लिटरली'वर इंग्रजी वाचकांनी जितका राग काढला तितका क्वचितच दुसऱ्या एखाद्या क्रियाविशेषणावर काढला असेल. अक्षर या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेला हा शब्द "अक्षराला धरून, अलंकार न मानता" असे सांगण्यासाठी होता. पण अठराव्या शतकापासून तो अलंकारिक वाक्यांतही जोर देण्यासाठी वापरला जात आहे, आणि मार्क ट्वेनसारख्या लेखकानेही तो तसा वापरला आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने २०११ साली या वापराची नोंद केली आणि दोन वर्षांनी ते लोकांच्या ध्यानात आल्यावर वृत्तपत्रांतून मोठा गहजब झाला. मराठी वाचकाने या वादाकडे परका म्हणून पाहू नये, कारण आपल्या 'अक्षरशः' या शब्दाने तंतोतंत हाच प्रवास केला आहे. 'अक्षरशः' म्हणजे अक्षरागणिक, जसेच्या तसे. तरीही "प्रेक्षकांनी त्याला अक्षरशः डोक्यावर घेतले" असे आपण बिनदिक्कत लिहितो आणि कोणाच्या डोक्यावर कोणी बसलेले नसते. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता केलेला हा प्रवास पाहिला की तो एखाद्या पिढीच्या आळसाचा परिणाम नाही हे पटते. माझे मत एवढेच की, करारात, वैद्यकीय कागदपत्रांत आणि बातमीत हे दोन्ही शब्द मूळ अर्थानेच वापरावेत, कारण तेथे वाचकाला सूर ओळखण्याची सोय नसते.

प्रामाणिकपणाच्या तीन मुख्य शब्दांत सर्वांत रंजक मूळ 'फ्रँकली'चे आहे. फ्रँक हे गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या परिसरातला, प्रदेश जिंकणाऱ्या लोकांचे नाव. तेथे पूर्ण स्वातंत्र्य त्यांनाच होते, म्हणून 'फ्रँक' म्हणजे मुक्त असा अर्थ झाला आणि त्यातून मुक्तपणे बोलणारा असा. टपाल शुल्काशिवाय पत्र जाऊ देण्यालाही 'फ्रँकिंग' म्हणत, आणि घराच्या करारनाम्यावर मुद्रांक शुल्काचे जे फ्रँकिंग आपण बँकेत करून घेत आलो, तो शब्दही याच घराण्यातला. 'ऑनेस्टली' हा मूळचा प्रतिष्ठेचा शब्द; लॅटिनमध्ये त्याचा संबंध मानसन्मानाशी आहे. 'सिन्सिअर'विषयी एक कथा फार प्रचलित आहे की, रोमन शिल्पकार संगमरवरातील भेगा मेणाने बुजवत आणि निर्दोष मूर्तीला 'सिने सेरा', म्हणजे बिनमेणाची, म्हणत. कथा आकर्षक आहे, पण शब्दाची व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. लॅटिन 'सिन्सेरुस' याचा अर्थ स्वच्छ, भेसळ नसलेला असा आहे, आणि किंग जेम्स बायबलमध्ये तर 'सिन्सिअर' हे विशेषण दुधाला लावलेले आहे.

वापरात हे तीन शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. 'फ्रँकली' पुढे बहुधा अप्रिय गोष्ट येते. "स्पष्टच बोलायचे तर" असे मराठीत म्हटले की ऐकणारा जसा सावध होतो, तसेच इंग्रजीतही होते. म्हणून स्तुतीच्या वाक्याआधी 'फ्रँकली' घातल्यास ते विचित्र ऐकू येते. 'सिन्सिअरली' हा शब्द आशा, क्षमा आणि आभार यांच्याबरोबर जातो: 'आय सिन्सिअरली अपॉलजाइझ'. 'ट्रूली' दुःखाबरोबर शोभतो: 'आय अ‍ॅम ट्रूली सॉरी'. 'ऑनेस्टली' श्रद्धा आणि अज्ञान यांच्याबरोबर येतो: 'आय ऑनेस्टली बिलीव्ह', 'आय ऑनेस्टली डोन्ट नो'. आणि 'टू बी ऑनेस्ट' हा प्रयोग अर्जात किंवा मुलाखतीत वारंवार करू नये, कारण ग्राइस यांच्या संकेतानुसार ऐकणारा आधीच्या वाक्यांविषयी विचार करू लागतो.

जेथे प्रामाणिकपणा सांगणे हे सवयीचे नसून कायद्याने आवश्यक असते, अशी एक जागा म्हणजे शपथ. भारतीय संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीतील इंग्रजी नमुन्यांत 'सॉलेम्ली' आणि 'फेथफुली' ही क्रियाविशेषणे आहेत. मंत्री शपथ घेताना "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो" आणि "निष्ठापूर्वक" असे जे शब्द आपण मराठीत ऐकतो, ते त्यांचेच भारदस्त मराठी रूप आहे. अमेरिकेत २० जानेवारी २००९ रोजी मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बराक ओबामा यांना अध्यक्षपदाची शपथ देताना 'फेथफुली' हा शब्द त्याच्या जागेवरून सरकून वाक्याच्या शेवटी गेला, आणि ओबामा यांनीही तो तसाच उच्चारला. अर्थामध्ये काहीही फरक पडला नव्हता, पण ती शपथ राज्यघटनेतच शब्दशः दिलेली आहे. कोणालाही शंकेला जागा राहू नये म्हणून दुसऱ्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये ती पुन्हा, योग्य क्रमाने, घेतली गेली.

दैनंदिन पत्रव्यवहारात हेच शब्द सहीच्या वर येतात. ब्रिटिश प्रथेनुसार, 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' असा बिननावाचा मायना असेल, तर शेवटी 'युअर्स फेथफुली' येते. मायन्यात आडनाव असेल, तर 'युअर्स सिन्सिअरली' लिहितात. अमेरिकेत हा भेद पाळत नाहीत. तेथे नुसते 'सिन्सिअरली' किंवा 'सिन्सिअरली युअर्स' चालते. भारतातील शाळा आणि सरकारी कार्यालये ब्रिटिश प्रथा पाळतात, आणि मराठी अर्जातील 'आपला विश्वासू' हा 'युअर्स फेथफुली'चाच जोडीदार आहे. नोकरीचा अर्ज परदेशी कंपनीकडे जाणार असेल, तर ती ब्रिटिश आहे की अमेरिकन हे पाहून शेवट निवडावा. दोन शब्दांच्या या शेवटात फक्त पहिल्या शब्दाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत लिहावे, दुसऱ्याचे लहानच ठेवावे, आणि त्यानंतर स्वल्पविराम देऊन खाली सही करावी.